पुन्हा गोलमध्ये

गेला हिवाळा मी लेकीकडे काढला, कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागाला. परत आल्यावर ज्याने त्याने विचारलं, "तिकडे वेळ कसा घालवलात?" मी खरं ते सांगितलं, "हॉकी बघितली." लोकांना वाटतं टीव्हीवर. नाही हो! रात्री साडेदहा वाजता, बाहेर उणे चौदा, आत बर्फाचं मैदान, आणि मी लोखंडी बाकावर दोन स्वेटर, कोट, शाल आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलेली. समोर गोलमध्ये आमचे जावई. वय वर्षं सत्तेचाळीस.

तर झालं असं, की माझे व्याही दोन वर्षांपूर्वी गेले. विहीणबाईंनी एवढ्या मोठ्या घरात एकटीने राहू नये म्हणून घर विकायचं ठरलं आणि तळघर रिकामं करायला घेतलं. व्याही १९७४ साली गिरगावातून तिकडे गेले होते. पन्नास वर्षांच्या संसारात जे जे टाकवत नाही ते सगळं त्या तळघरात. गणपतीचं मखर, तीन बंद पडलेले मिक्सर, मराठी दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि सगळ्यात मागे गाद्यांच्या आड एक बॅग. माणूस मावेल एवढी. जावयांनी चेन उघडली आणि तिथेच फरशीवर बसले.

आत गोलकीपरचं सगळं सामान होतं. त्यांचंच. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी खेळ सोडला तेव्हा "विकून टाकलं" म्हणून वडिलांनी सांगितलं होतं, तेच.

विहीणबाई म्हणाल्या, "विकायलाच काढलं होतं. गिऱ्हाईक आलं नाही."

जावई आठ वर्षांचे असल्यापासून गोलमध्ये उभे राहत. तिकडे मुलांना बर्फाचं मैदान मिळतं ते कसल्याही अवेळी. पहाटे साडेपाचला पोराला आणि त्या बॅगेला गाडीत घालून नेण्याचं काम व्याह्यांचं. अकरा वर्षं त्यांनी ते केलं. मग इंजिनिअरिंगला दोन विषय राहिले आणि एका संध्याकाळी व्याही म्हणाले, एक तर हे कर नाही तर ते. जावयांनी वाद घातला नाही. नंतर सत्तावीस वर्षं त्या घरात हॉकीचा विषय निघाला नाही. टीव्हीवर सामना लागला तर बापलेक दोन वेगळ्या खोल्यांत बसत. हे सगळं मला लेकीनं सांगितलं, जावयांनी नाही.

आणि आता हे गृहस्थ म्हणतात, मी पुन्हा उभा राहणार!

लेक भडकली. "आई, तू तरी सांग त्याला. गुडघे बघ, वय बघ." मला शिक्षिकेची सवय, मुलाला नाही म्हणण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी मागते. म्हटलं, "आधी तपासून घ्या, मग बोलू." डॉक्टरांनी त्यांना पट्ट्यावर पळवून हृदय तपासलं आणि सोडून दिलं. आता मला "नको" म्हणायला जागाच राहिली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या हॉकीसारखा चेंडू इथे नाही. 'पक' म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, वजनाला दीडशे ग्रॅमच्या वर. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. चांगला खेळाडू ती ताशी दीडशे किलोमीटरने मारतो. सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळ्यासमोर एक माणूस उभा, आणि त्याने ती अडवायची. हातानं, पायानं, छातीनं, जमेल त्यानं. बाकीचे खेळाडू मिनिटाभरात दमून बाकावर येतात, दुसरे जातात. गोलकीपर जागचा हलत नाही.

मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. कुणी काही नवीन करतो म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हे आधी कुणी केलंय का? नातवाला कामाला लावलं. त्याने लायब्ररीतून पुस्तकं आणली, इंटरनेटवरचं काढून दिलं, जिथे माझं इंग्रजी अडलं तिथे समजावून सांगितलं (मी मराठी माध्यमाची बी.ए., पण शब्दकोश जवळ असला की घाबरत नाही). दोन महिने आमचा हाच उद्योग.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की पूर्वी संघाकडे दुसरा गोलकीपरच नसे! एकच माणूस. तो पडला तर खेळ थांबवायचा, त्याला टाके घालायचे आणि पुन्हा उभा करायचा. उभा राहण्यासारखा नसेल तर मग शोधाशोध.

७ एप्रिल १९२८ ची मॉन्ट्रियलमधली गोष्ट बघा. स्टॅन्ले कपची अंतिम फेरी, न्यूयॉर्क रेंजर्स विरुद्ध मॉन्ट्रियल मरून्स. (न्यूयॉर्कमधल्या मैदानात सर्कस उतरली होती म्हणून सगळे सामने मॉन्ट्रियललाच! जगाचे व्यवहार कसे चालतात पाहा.) रेंजर्सचा गोलकीपर लॉर्न शाबो याच्या डोळ्यावर पक बसली. दवाखान्यात नेला. प्रेक्षकांत अॅलेक कॉनेल नावाचा दुसऱ्या संघाचा नामांकित गोलकीपर बसलेला होता. रेंजर्सनी विचारलं, याला घेऊ का? मरून्सचे प्रशिक्षक नाही म्हणाले. त्यांची परवानगी लागे, त्यांनी दिली नाही. तेव्हा रेंजर्सचा प्रशिक्षक-व्यवस्थापक लेस्टर पॅट्रिक स्वतःच शाबोचं सामान चढवून उतरला. वय ४४, केस पिकलेले, उमेदीत खेळला तो बचावफळीत, गोलमध्ये क्वचितच. त्याच्या पोरांनी जीव तोडून समोरच्यांना लांब ठेवलं. म्हाताऱ्याने अठरा फटके अडवले, एक सुटला. जादा वेळेत फ्रँक बूशेने गोल केला आणि रेंजर्स २-१ जिंकले. पुढच्या सामन्यांना रीतसर गोलकीपर मिळाला आणि त्या वर्षीचा कपही त्यांनीच नेला.

ही गोष्ट तिकडच्या पोरासोरांनाही माहीत असते, आपल्याकडे तानाजीची असते तशी. मला मात्र अधिक आवडला तो मो रॉबर्ट्स.

हा १९०५ साली अमेरिकेत जन्मलेला. १९२५ च्या डिसेंबरात बॉस्टनचा गोलकीपर जखमी झाला म्हणून ऐनवेळी हा विशीही न गाठलेला पोरगा उभा राहिला. पुढे न्यूयॉर्कच्या दुसऱ्या एका संघाकडून मोजके सामने मिळाले. १९३४ नंतर मोठ्या लीगमध्ये त्याचं नाव नाही. संपलं. मग १९५१ मध्ये तो शिकागोच्या संघाचा सहायक ट्रेनर म्हणून दिसतो. म्हणजे खेळाडूंच्या पट्ट्या बांधायच्या, सामान बघायचं, सरावाला गोलमध्ये उभं राहायचं. २५ नोव्हेंबर १९५१ ला डेट्रॉइटशी सामना चालू असताना शिकागोचा गोलकीपर हॅरी लमली जखमी झाला. तिसरा, शेवटचा भाग शिल्लक. वीस मिनिटं. ट्रेनर पॅड बांधून उतरला. वय ४५, शेहेचाळीस पुरी व्हायला तीन आठवडे कमी. समोर त्या काळातला सगळ्यात जबरदस्त संघ, ज्याने त्या मोसमाचा कप जिंकला. आणि रॉबर्ट्सने त्या वीस मिनिटांत एकही गोल होऊ दिला नाही.

सामना शिकागो हरलंच. रॉबर्ट्सला पुन्हा बोलावणं आलं नाही. १९३४ ते १९५१, मधली सतरा वर्षं, आणि मग वीस मिनिटं. त्या लीगमध्ये खेळलेला सर्वांत वयस्क गोलकीपर म्हणून नोंदवहीत त्याचं नाव आहे. मी नातवाला विचारलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने काय केलं असेल रे?" तो म्हणाला, "टॉवेल्स घडी केले असतील आजी." मला पटलं.

या दोघांना परत आणलं ते अडचणीनं. दुसरा कोणी नव्हता. पुढे १९६५-६६ च्या मोसमापासून प्रत्येक संघाने दोन गोलकीपर तयार ठेवलेच पाहिजेत असा नियम झाला आणि प्रशिक्षकाने किंवा ट्रेनरने पॅड बांधण्याचे दिवस बहुतेक संपले. अगदी संपले असं नाही. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरंटोतच कॅरोलायनाचे दोन्ही गोलकीपर एकाच सामन्यात जखमी झाले आणि डेव्हिड एअर्स नावाचा ४२ वर्षांचा माणूस उभा राहिला, जो मैदानाचा बर्फ सपाट करण्याचं यंत्र चालवत असे, आणि ज्याला आईने दिलेलं मूत्रपिंड होतं. पहिले दोन फटके आत गेले. नंतरचे आठच्या आठ अडवले. कॅरोलायना ६-३ जिंकली. पण तो नियमाला अपवाद.

आपणहून, "मला परत यायचंय" म्हणून आलेला म्हणजे झाक प्लांट. त्याच्यापाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले. कारण तो विणकाम करायचा! खरंच. क्विबेक प्रांतातल्या खेड्यात १९२९ साली जन्म, अकरा भावंडांत थोरला. आईने विणायला शिकवलं. स्वतःच्या टोप्या तो स्वतः विणे आणि मोठा खेळाडू झाल्यावरही मन शांत करायला सुया घेऊन बसे. लहानपणी दमा होता, पळापळीने धाप लागे, म्हणून गोलमध्ये उभा राहिला. पुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून १९५६ ते १९६० असे लागोपाठ पाच कप.

त्या काळी गोलकीपर तोंडावर काही घालत नसत. प्लांटचं नाक, गालाची हाडं सगळं मोडून झालं होतं. त्याने फायबरग्लासचा मुखवटा करून घेतला; सरावाला घाली, पण सामन्यात घालू द्यायला प्रशिक्षक टो ब्लेक तयार नव्हते. नजर चुकेल, आणि लोक म्हणतील भित्रा आहे. १ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटचा फटका त्याच्या चेहऱ्यावर बसला. आत नेऊन टाके घातले. प्लांट म्हणाला, मुखवटा घालू देत असाल तर येतो. दुसरा गोलकीपर नव्हताच. ब्लेकसाहेब काय करणार? (इथे इतिहासाच्या शिक्षिकेला फार बरं वाटतं. मोठा बदल तत्त्व पटल्याने कमी आणि पर्याय नसल्याने जास्त होतो, हे मी वर्गात सांगत आले.) मॉन्ट्रियल ३-१ जिंकलं. पुढेही जिंकत राहिलं, मग मुखवटा काढायला सांगणार कोण? भित्रा म्हणणाऱ्यांना त्याचं उत्तर असं, की हवाई छत्रीशिवाय विमानातून उडी मारली तर तो शूरपणा का? तरी सगळ्यांनी मुखवटा घालायला पंधरा वर्षं गेली. त्या लीगमध्ये उघड्या चेहऱ्याने खेळणारा शेवटचा गोलकीपर, अँडी ब्राउन, १९७४ पर्यंत होता.

१९६५ मध्ये प्लांटने खेळ सोडला. पत्नी आजारी, स्वतःचा गुडघा दुखावलेला. एका बिअर कंपनीत विक्रीची नोकरी धरली. छत्तिशीचा माणूस, इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण १९६७ मध्ये लीगमध्ये सहाचे बारा संघ झाले. सेंट लुईस हा त्यांतला एक नवा संघ. त्यांना गोलकीपर हवे होते आणि आता दोन लागत होते. १९६८ मध्ये त्यांनी प्लांटला बोलावलं. तिथला दुसरा गोलकीपर ग्लेन हॉल, तोही सदतिशीचा, दर सामन्याआधी ओकारी काढून मग मैदानात उतरणारा. दोन प्रौढ माणसं आलटून पालटून उभी राहिली आणि त्या मोसमात सर्वांत कमी गोल स्वीकारल्याबद्दलची वेझिना ट्रॉफी त्या दोघांनी वाटून घेतली. प्लांट तेव्हा चाळीस वर्षांचा.

लोक याला जिद्द म्हणतात. असेल जिद्द. पण मी तारखा एकीखाली एक लिहून काढल्या तेव्हा मला दिसलं ते वेगळंच. सहाचे बारा संघ झाले नसते, दोन गोलकीपरांचा नियम नसता, तर नुसती जिद्द घरीच बसली असती. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मुखवटा. १९७० च्या अंतिम फेरीत बॉस्टनविरुद्ध फ्रेड स्टॅनफिल्डचा फटका फिल एस्पोझिटोच्या काठीला लागून वर उडाला आणि प्लांटच्या कपाळावर बसला. मुखवटा फुटला, प्लांट बेशुद्ध. पुढे तो म्हणाला की मुखवट्यामुळेच मी वाचलो. एकेचाळीस वर्षांचा माणूस परत आलेला होता, आणि अकरा वर्षांपूर्वी ज्यासाठी तो प्रशिक्षकाशी भांडला होता त्याच वस्तूने त्याचा जीव राखला.

तो नंतरही खेळला. टोरंटोला आला आणि १९७०-७१ मध्ये लीगमधली सगळ्यात चांगली सरासरी त्याची होती. बॉस्टनला गेला, क्विबेकला प्रशिक्षक-व्यवस्थापक झाला, आणि पुन्हा करमेना म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी एडमंटनला उभा राहिला. १९७५ च्या सरावशिबिरात धाकटा मुलगा गेल्याची बातमी आली. त्यानंतर तो खेळला नाही.

मी हे सगळं जेवताना सांगत असे. जावई ऐकत, फारसं बोलत नसत. एकदा म्हणाले, "आई, प्लांटचा तो मुखवटा वडिलांना माहीत होता. पहिल्या दिवशी मला मास्क घालताना त्यांनीच गोष्ट सांगितली होती." मग ताटात बघत राहिले.

पहिल्या रात्रीचं सांगते. सामान जुनंच, पण मास्क नवा घेतला, तेवढी माझी आणि लेकीची अट. पस्तिशीच्या पुढच्यांचे सामने, त्याला तिकडे गमतीने बिअर लीग म्हणतात. बाकीचे खेळाडू पैसे भरून खेळतात, गोलकीपर मात्र बरेचदा फुकट. इतका त्यांचा तुटवडा! भाड्याने गोलकीपर बोलावण्याचीही सोय आहे. उघडच आहे, अंगावर दगड झेलायला कोण येतो? पहिल्या दहा मिनिटांत चार गोल. माझ्या पोटात गोळा. लेक डोळे मिटून बसली होती. नंतर मला एक दिसलं. पक ज्या बाजूला जाणार त्या बाजूला जावई आधीच वळत होते. बरोबर वळत होते. पाय तेवढा उशिरा पोचत होता. अर्धा क्षण.

हा अर्धा क्षण मला ठाऊक आहे. निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी, २०२३ मध्ये, एका शाळेने दोन महिन्यांसाठी दहावीला इतिहास शिकवायला बोलावलं. दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, बदली मिळेना. मी एकाहत्तर वर्षांची. फळ्याकडे वळून खडू शोधते तर तिथे पडदा. तिसऱ्या तासाला आवाज बसला. पायात गोळे. पण मागच्या बाकावरचा कुठला मुलगा आता काहीतरी करणार, हे त्याच्याही आधी मला कळत होतं. फक्त "ए!" म्हणेपर्यंत त्याने ते केलेलं असे. पहिल्या आठवड्यात वर्ग माझ्यावर हसला. दुसऱ्यात थोडा कमी. मी दोन महिने पुरे केले आणि घरी आल्यावर दहा दिवस झोपले. पुन्हा बोलावलं तर जाईन का? नाही सांगता येत. रॉबर्ट्सला जसं पुन्हा विचारलं नाही, तसं मलाही विचारलेलं नाही.

आणि हेही खरं, की पुस्तकात येतात ते परत येऊन जमलेले. ज्यांना जमलं नाही, ज्यांचा गुडघा पहिल्याच रात्री गेला, त्यांचं नाव कोण लिहिणार? त्यामुळे प्लांटच्या गोष्टी सांगून मी जावयांना चढवलं, हा लेकीचा आरोप मला पूर्ण नाकारता येत नाही. फेब्रुवारीत त्यांची जांघ भरली आणि तीन आठवडे ते जिना बसून उतरत होते. त्या तीन आठवड्यांत लेक माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली.

मार्चमध्ये विहीणबाई एकदा माझ्याबरोबर आल्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही मैदानावर गेल्या नव्हत्या. तेव्हा पहाटे डबे करायचं काम त्यांचं. पॅड बांधून लेक बाहेर आला तसं त्यांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "कसर लागली नाही बघा. दर मे महिन्यात मागच्या अंगणात उन्हाला घालायचे हे."

"तुम्ही?"

"मी नाही हो. हे. पट्ट्यांना तेलही लावायचे. मी एकदा विचारलं, गिऱ्हाईक येणार आहे का? तर म्हणाले, येईलही."

"जावयांना सांगितलंत का हे?"

"नाही अजून," त्या म्हणाल्या. "मॅच होऊ दे."

सामना ६-५ असा हरले. पण शेवटची सात मिनिटं एकही आत गेला नाही, मी घड्याळ लावून मोजलं. गाडीत पुढे मायलेक बसले, मी आणि बॅग मागे. बॅगेचा वास असा काही येत होता की मी उणे दहात काच खाली केली, आणि पुढे काय बोलणं झालं ते वाऱ्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. घरी पोचल्यावर जावई बराच वेळ गाडीतच बसून होते.